विषय क्रमांक एक

यंदा २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपल्यावर आमच्या गावची ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. गाव धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते शेजारच्या कुठल्याही गावात घडू शकतं. माझा पुतण्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. त्याने मोबाईल माईकशेजारी ठेवला आणि सभेचा गोषवारा आपोआप काढणारं एक ॲप चालू केलं. सभा सव्वा तास चालली. नंतर पारावर चहा फिरत होता तोवर पोराने दीड पानाचं इतिवृत्त माझ्यापुढे धरलं. "बघा नाना, तुम्हाला पूर्वी आठवडा लागायचा."

मी वाचलं. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं. पहिलाच मुद्दा: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' मी पोराकडे पाहिलं. मागचं इतिवृत्त सभेत कुणी वाचलंच नव्हतं. सरपंचांनी माईक हातात घेऊन थेट घरकुलाच्या यादीला हात घातला होता. पण इतिवृत्ताची सुरुवात अशीच होते हे यंत्राला ठाऊक होतं, म्हणून त्याने ते आपल्या मनाने लिहून टाकलं. चौथा मुद्दा त्याहून गमतीचा होता: 'वस्तीत एकशे हातपंप असल्याची माहिती देण्यात आली. पाण्याबाबत सविस्तर चर्चा झाली.'

आमच्या अख्ख्या गावात मिळून सात हातपंप आहेत. हे शंभर कुठून आले?

ध्वनिफीत मागे नेऊन ऐकली. भिलाटीतली, म्हणजे भिल्ल वस्तीतली, एक म्हातारी पाराच्या कडेला उभी राहून बोलली होती. माईक तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ती म्हणाली होती, "आमना वस्तीमा हातपंप एक शे, तोबी बंद शे. पानी कथाईन आननं?" अहिराणीत शे म्हणजे आहे आणि कथा म्हणजे कुठे. मराठीवर वाढलेल्या यंत्राने 'एक शे'चं 'एकशे' केलं, 'बंद शे' त्याला ऐकू आलं नाही, आणि 'पाणी कुठून आणायचं' या प्रश्नाची झाली सविस्तर चर्चा. चर्चा काही झाली नव्हती. सरपंच "बघू, बघू" म्हणाले आणि पुढच्या विषयावर गेले.

पारावर आम्ही पोट धरून हसलो. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही.

ही गंमत एका पोराच्या मोबाईलपुरती राहिली असती तर मी लेखणी उचलली नसती. पण १४ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने 'सभासार' नावाची प्रणाली सुरू केली. ग्रामसभेचं चित्रण किंवा ध्वनिमुद्रण तिच्यावर चढवायचं. ती बोलण्याचं लिखाण करते, हव्या त्या भाषेत नेते आणि इतिवृत्ताचा मसुदा हातात देते. त्यासाठी ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलचाच लॉगिन चालतो. खालचं भाषेचं यंत्र 'भाषिणी' या केंद्राच्या भाषांतर प्रकल्पाचं. दुसऱ्याच दिवशीच्या विशेष ग्रामसभांसाठी त्रिपुरातल्या सगळ्या ग्रामपंचायतींत ती वापरायचं ठरलं होतं. मराठीही तिच्या भाषांमध्ये आहे. आमच्या पुतण्याचं ॲप हे नव्हे, आणि एका ॲपच्या चुका दुसऱ्याच्या माथी मारणं बरं नाही. पण वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते यावरून कळतं. आज ना उद्या खानदेशातल्या प्रत्येक ग्रामसभेचं, विकासोचं (गावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीचं), दूध डेअरीचं इतिवृत्त यंत्र लिहील. म्हणून आत्ताच बोलायला हवं.

आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो, नाहीतर कुणी म्हणेल की म्हाताऱ्याला जुनं ते सोनं वाटतंय. मी बावीस वर्षं गटसचिव, म्हणजे विकासोंची दप्तरं सांभाळणारा, होतो. तीन विकासो माझ्याकडे होत्या. सप्टेंबर उजाडला की वार्षिक सर्वसाधारण सभांची रांग लागायची. प्रोसिडिंग मी सभेच्या आदल्या रात्रीच लिहून ठेवत असे. फक्त सूचक आणि अनुमोदकाच्या नावांपुरती जागा कोरी. 'सर्वानुमते मंजूर करण्यात आले' हे वाक्य माझ्या हाताने किती हजार वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. सभेत खुर्च्या उडाल्या तरी वहीत एकमत. कोरम नसला की सभा अर्धा तास तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची गरज नसते, हे तर आम्हाला पाठच होतं. सह्या आधी, मजकूर मागाहून. ग्रामसेवकांच्या वह्यांमध्ये मधलं एखादं पान कोरं राहतं ते विसराळूपणाने, असं कुणाला वाटत असेल तर तो भोळा आहे.

तेव्हा माणूस खरं लिहायचा आणि यंत्र खोटं लिहितं, असा माझा दावा मुळीच नाही. माणूस खोटंच लिहायचा. पण एकदा असं झालं. कर्जवाटपाच्या एका ठरावाला एका सभासदाने उभं राहून विरोध केला, "मना इरोध लिखा" म्हणून दोनदा सांगितलं. चेअरमननी मला डोळ्याने खुणावलं आणि मी नेहमीचं वाक्य लिहिलं. महिन्याभराने तो माणूस माझ्या ओट्यावर येऊन बसला. चहा नको म्हणाला. "आप्पा, मना इरोध कथा गया?" एवढंच विचारलं. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पण त्याला जायला एक ओटा होता, विचारायला एक तोंड होतं, आणि खाली मान घालायला मी होतो. पुढच्या सभेत मी तो विरोध नोंदवला, चेअरमनची नाराजी घेऊन.

यंत्राने विरोध गिळला तर त्या माणसाने कुणाच्या ओट्यावर जायचं? ग्रामसेवक म्हणेल, मी नाही लिहिलं, सिस्टीमने लिहिलं. संगणक परिचालक म्हणेल, मी फक्त अपलोड केलं. तालुक्याला विचारा तर, वरून आलंय. खोटेपणा तोच राहील, फक्त त्याचा धनी नाहीसा होईल. माझी मुख्य तक्रार ही आहे. हातपंपाचे शंभर झाले ती तक्रार त्यामानाने किरकोळ.

यंत्र हे कसं करतं ते थोडं समजून घेतलं की भीतीही कमी होते आणि भाबडेपणाही. आवाजावरून शब्द ओळखणं हे पहिलं काम. कोण केव्हा बोललं ते वेगळं काढणं दुसरं. आणि त्या सगळ्यातून मोजकं उचलणं किंवा नव्या वाक्यांत मांडणं तिसरं. गोषवारा काढण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ साली लेखांचा सारांश यंत्राकडून काढून दाखवला. कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात ते मोजायचं आणि ज्या वाक्यांत ते दाटीने येतात ती वाक्यं उचलायची, अशी त्यांची साधी युक्ती. योगायोग बघा, आपला ग्रामपंचायत अधिनियमही १९५८चाच. दोघं एका वयाचे, आणि पारावर त्यांची गाठ पडायला इतकी वर्षं लागली.

आजची यंत्रं लून यांच्या कितीतरी पुढे गेली आहेत, पण एक गोष्ट तशीच आहे: जे वारंवार आणि ठळक बोललं जातं ते त्यांना महत्त्वाचं वाटतं. सभेत वारंवार आणि ठळक कोण बोलतो? ज्याच्या हातात माईक आहे तो. सरपंच बारा वेळा 'घरकुल' म्हणाले. म्हातारी एकदाच 'बंद शे' म्हणाली.

सभांच्या गोषवाऱ्यावर संशोधन करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं ज्या सामग्रीवर यंत्रं तपासली त्यातली एक प्रसिद्ध सामग्री युरोपातल्या एएमआय प्रकल्पाची आहे, सुमारे १०० तासांची ध्वनिमुद्रणं. त्यातल्या बऱ्याचशा सभा बेतलेल्या आहेत: चार माणसं एका काल्पनिक कंपनीत बसून टीव्हीचा नवा रिमोट कसा असावा ते ठरवतात. चार माणसं, बंद खोली, प्रत्येकाला वेगळा माईक आणि विषय रिमोटचा. त्यात भाऊबंदकी नाही, पाण्याची पाळी नाही, मागून ओरडणारा कुणी नाही, आणि ठराव झाला तर कुणाचं वावर जाणार नाही. यंत्राची परीक्षा बरीच वर्षं रूज नावाच्या मापाने घेतात, २००४पासूनचं. माणसाने लिहिलेल्या सारांशातले शब्द यंत्राच्या सारांशात किती आले ते हे माप मोजतं. आता 'ठराव मंजूर झाला' आणि 'ठराव मंजूर झाला नाही' यांतला फरक फक्त एका शब्दाचा. चारातले तीन शब्द जुळले, म्हणजे गुण चांगलेच पडणार. गावाच्या दृष्टीने मात्र तो एक 'नाही' म्हणजेच अख्खी सभा.

त्याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट शांततेची आहे. ओपनएआयचं व्हिस्पर नावाचं बोलणं ओळखणारं यंत्र २०२२मध्ये आलं, ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर तयार केलेलं. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं की तपासलेल्या सुमारे एक टक्का तुकड्यांमध्ये त्याने कुणी न उच्चारलेली वाक्यं घुसवली होती. वाचाघातामुळे थांबत थांबत बोलणाऱ्यांच्या आवाजात हे जास्त घडलं, कारण त्यांच्या बोलण्यात मधे शांतता जास्त असते. म्हणजे माणूस गप्प बसला की यंत्र त्याच्या वतीने बोलून मोकळं होतं.

आणि आमच्याकडे तर सभेतलं निम्मं बोलणं गप्प राहूनच होतं. सरपंच विचारतात, "काय मंडळी, मंजूर ना?" मंडळी तंबाखू मळत राहतात. कुणी पाराखाली बघतं. एखादा उठून चप्पल घालतो आणि चालू लागतो. ज्याला गाव कळतं त्याला यातून नकार स्वच्छ ऐकू येतो. मला यायचा, आणि तरी मी 'सर्वानुमते' लिहायचो, ती माझी लबाडी. यंत्राला तो ऐकूच येत नाही, आणि त्या पोकळीत ते जो शब्द भरतं तो आमच्यासारख्या लबाडांनी लिहिलेल्या हजारो इतिवृत्तांतून शिकलेला असतो. पुतण्याच्या ॲपने शेवटी लिहिलं होतं: 'ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले.' ते वाक्य वाचताना मला आरशात बघितल्यासारखं झालं.

भाषेचा प्रश्न खानदेशात तर उघडच आहे. २०११च्या जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली, म्हणजे मुख्यतः अहिराणी, १८ लाख ६० हजारांवर लोकांनी आपली भाषा नोंदवली, आणि मराठीच सांगून मोकळे झालेले वेगळेच. ब्रिटिश काळात ग्रियर्सन या भाषाशास्त्रज्ञाने भारताच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशीला भिलीच्या शेजारी बसवलं होतं. पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये दोघींनाही जागा नाही, आणि भाषिणीचं काम मुख्यतः त्या २२ भाषांभोवती उभं राहिलं. आदिवासी कार्य मंत्रालयाच्या 'आदिवाणी' या भाषांतराच्या यंत्रात भिली आली हे चांगलंच झालं. पण ती मध्य प्रदेशातली भिली. धडगावची पावरी, नवापूरची मावची, रावेर-यावलची लेवा गणबोली यांना अजून रांगेत उभं राहायचं आहे. आणि सभेत कुणी एका भाषेत बोलतं तरी कुठे? माईकपुढे मराठी, शेजाऱ्याशी अहिराणी, भांडण पेटलं की आणखी तिसरीच.

नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत पेसा कायद्याखालची, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार असलेली, गावं आहेत. तिथे ग्रामसभेच्या ठरावावर जमिनी, जंगल, गौण वनोपज अवलंबून असतं. तिथल्या वहीतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होईल ते सांगायला नको. उलटी बाजूही आठवावी. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला. जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अधिकारी निरीक्षक म्हणून हजर ठेवला गेला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. ते 'नाही' माणसांनी ऐकलं, माणसांनी लिहिलं, म्हणून टिकलं.

यावर आमच्याच गावच्या ग्रामसेवकाने मला सुनावलं, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. कागदोपत्री आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावाला तो ग्रामसेवकच. त्याच्याकडे दोन गावं आहेत. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा, त्यांच्या आदल्या दिवशी महिला सभा, शिवाय मासिक सभा, आणि मधल्या वेळात घरपट्टी, जन्म-मृत्यू, ऑनलाइन माहिती भरणं. "नाना, तुम्ही लिहायचा तेव्हा एवढी पोर्टलं होती का?" नव्हती. यंत्राने त्याचा कच्चा मसुदा लिहून दिला तर माझी हरकत नाही. उलट, सव्वा तासाचं बोलणं ध्वनिमुद्रित झालं, म्हणजे सह्या आधी आणि मजकूर मागाहून हा आमचा जुना धंदा बंद पडायला मदतच होईल. मी यंत्राच्या बाजूचा आहे, एवढं म्हणायला मला लाज वाटत नाही.

पण मसुदा आणि इतिवृत्त यांच्या मधे एक पायरी आहे, आणि ती कायद्यात आणि रिवाजात आधीपासूनच आहे. कुठल्याही सभेचा अजेंडा काढून बघा, विषय क्रमांक एक: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' कायम हा शब्द किती वजनाचा आहे बघा. वाचल्याशिवाय ते कायम होत नाही, आणि लोकांनी ऐकल्याशिवाय वाचण्याला अर्थ नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून हा विषय मारून टाकला. "वाचलं असं समजू" म्हणून पुढे जातो. यंत्राचं लिखाण आलं की तो पुरताच मरेल, कारण सुबक छापील कागदावर कुणाला शंका येत नाही.

पांझरा नदीवरच्या जुन्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी कुठल्या फडाला द्यायचं, कुठला फड यंदा रिकामा ठेवायचा हे शेतकरी बसून ठरवत आले. पाटकरी, हवालदार, जागल्ये ते अमलात आणत. तिथली शिस्त पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण ठरलेलं मोठ्याने परत सांगितलं जायचं आणि चुकलं तर तिथेच कुणीतरी हात वर करायचा. मला ग्रामसभेत नेमकं हेच हवं आहे. यंत्राचा मसुदा पुढच्या सभेत माईकवरून वाचावा, आणि ज्या गावात अहिराणी किंवा पावरी बोलतात तिथे त्याच बोलीत, गावातल्याच कुणाकडून. ज्याने विरोध केला त्याचा विरोध त्याच्याच शब्दांत, त्याच्या नावासह, त्याला हवा असेल तर. कायम झाल्यावर सरपंच आणि ग्रामसेवक यांची सही, आणि सही करणारा म्हणजे लिहिणारा असं धरावं. 'सिस्टीमने लिहिलं' हे उत्तर ऐकून घेऊ नये.

ध्वनिमुद्रणाचं काय करायचं हा प्रश्न उरतो, आणि तिथे माझं मलाच जड जातं. आवाज जपून ठेवला तर चूक पकडता येते. पण सरपंचाच्या शेतात मजुरीला जाणारी बाई, तिचा आवाज फाईलमध्ये कायमचा राहणार हे कळलं, तर पुढच्या वेळी तोंड उघडेल का? मी खूप विचार केला. माझं मत असं झालंय की मुद्रण पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होईपर्यंतच ठेवावं. तोवर कुणाही ग्रामस्थाने मागितलं तर ग्रामपंचायतीत बसून ऐकू द्यावं, पण त्याची प्रत मोबाईलवर देऊ नये. हरकत नसेल तर कायम झालं की पुसावं. हरकत असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत राहू द्यावं. माहितीच्या अधिकारातली माझी मित्रमंडळी यावर रागावतील. रागावू देत. त्यांना सरपंचाच्या शेतावर मजुरीला जायचं नसतं.

१ मेच्या ग्रामसभेत मी पुतण्याला गळ घातली आणि जानेवारीचं ते दीड पान विषय क्रमांक एक म्हणून वाचायला लावलं. ऊन मी म्हणत होतं, पारावरचा कडुनिंबही पुरत नव्हता. सरपंच वैतागले होते, पण नाही म्हणता येईना. 'वस्तीत एकशे हातपंप' या वाक्यावर पोरगा अडखळला, पण त्याने ते वाचलं. मागे म्हातारी बसली होती. तिने पदर सारखा केला आणि तिथूनच म्हणाली, "एक शे रे भाऊ. शंभर कथाईन उनात?"

सगळा पार हसला. ग्रामसेवकाने खिशातला पेन काढला, 'एकशे' खोडून 'एक' केलं, पुढे 'तोही बंद' असं लिहिलं, समासात लहान सही केली, आणि हातपंप दुरुस्तीचा विषय आयत्या वेळच्या विषयांत घेतला.